डावा खांदा, वीस मिनिटं

३ मार्च, सोमवार
प्राण्यांच्या संस्थेतून कुत्र्याचं पिल्लू आणलं. आणलं म्हणजे ठेवून घेतलेलं नाही. पंधरा दिवस ट्रायल आहे. हो की नाही, ते १७ तारखेला ठरणार. निर्णय माझा. हिला तसं स्पष्ट सांगितलं. ही "बरं" म्हणाली.

कपबश्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं क्वालिटी चेकिंगला आहे. कपाच्या काठावर पेन्सिलीने टिचकी मारतो, आवाजावरून तडा ओळखतो. आजवर तडा गेलेला एकही कप माझ्या हातून पास झालेला नाही. एका पिल्लाचा निर्णय म्हणजे डाव्या हातचा मळ.

दोष आधीच माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. अन्ननलिका सैल आहे, खाल्लेलं आपोआप खाली उतरत नाही. उभं बसवून भरवायचं, नंतर वीस मिनिटं उभंच धरायचं. दिवसातून तीनदा. आडवं केलं की अन्न उलटून येतं, छातीत गेलं तर जिवावर बेततं. बरं होईल का, विचारलं. नाही म्हणाल्या, पण सांभाळता येतं. म्हणजे जन्मभर.

कारखान्यात अशा मालावर सरळ रिजेक्टचा शिक्का बसतो. पण घाई नको. नावही नको, नाव दिलं की माणूस अडकतो. वहीत "नमुना क्र. १" लिहिलं.

४ मार्च, सकाळी ७.२०
कामाची वाटणी केली. ही धरणार, मी निरीक्षण करणार. कन्येची लहानपणची उंच खुर्ची माळ्यावरून काढली. नमुना तीत फिट बसतो.

५ मार्च
हिचा हात भरून येतो म्हणे. आज मी धरलं. तात्पुरतं.

७ मार्च, शुक्रवार
दुपारच्या वेळेची नोंद ही नीट ठेवत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस घरी येतोय. साहेबांनी विचारलं, रोज कुठे पळता? म्हटलं, सँपल तपासायला. खोटं नाही.

कन्या त्याला "नमुन्या" म्हणते. तिला खडसावलं की हे नाव नाही, क्रमांक आहे. तेवढ्यात त्याने माझ्याकडे वळून शेपूट हलवलं. ऐकू येतं, अशी नोंद केली.

९ मार्च, रविवार
डाव्या खांद्यावर ढेकर अकरा मिनिटांत. उजव्यावर सोळा. हा शोध माझा.

वीस मिनिटं नुसतं उभं राहून करायचं काय? भिंतीवरचं कॅलेंडर मागून-पुढून वाचून झालं. म्हणून त्याला भट्टीच्या तापमानाबद्दल सांगतो. मध्ये तोंड घालत नाही. या घरात हा गुण दुर्मीळ.

११ मार्च
विचारान्ती असं वाटतं की डॉक्टर लोक आकडा फुगवून सांगतात. वीस म्हणजे बारा. उद्यापासून सुधारित पद्धत. महिन्याला बारा तास वाचतील. हिला सांगितलं नाही. तांत्रिक बाब आहे.

१२ मार्च, बुधवार
बाराव्या मिनिटाला खाली ठेवलं. चौदाव्या मिनिटाला सगळं बाहेर. मग खोकला. थांबेचना. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना गाठला. माझ्या एका पायात हिची चप्पल होती, हे तिथे कळलं.

छाती साफ आहे. थोडक्यात निभावलं. किती वेळ धरलं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. साधारण वीस, म्हटलं. हिने माझ्याकडे पाहिलं.

मी घाबरलो होतो. फार घाबरलो होतो. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहायला हरकत नाही.

१३ मार्च
पॅकिंगवाल्या बाईंनी एक कप परत आणून दिला. काठापासून बुडापर्यंत तडा. माझा पासचा शिक्का. डोक्यावरची ट्यूबलाइट सदोष आहे. लेखी तक्रार केली.

१४ मार्च, शुक्रवार
निर्णय झाला. नाही. माझ्या हातात ते पिल्लू सुरक्षित नाही. म्हणजे आपल्या वेळापत्रकात बसत नाही. हिला सांगितलं. "बरं" म्हणाली. कन्या जेवली नाही.

संस्थेच्या बाईंना फोन केला. एक निवृत्त मुख्याध्यापिका तयार आहेत म्हणाल्या, सोमवारी घेऊन या. उत्तम. सोबत दोषांची यादी देणार. माझी जबाबदारी तिथे संपेल.

१६ मार्च, रविवार
यादी पूर्ण. एकूण सव्वीस दोष. काही ठळक:
७. खाणं कोमट नसेल तर तोंड फिरवतो.
१२. भरवताना रेडिओवर बातम्या चालतात, जाहिराती चालत नाहीत.
१९. नवव्या मिनिटाला पेंगतो आणि मान आपल्या गळ्याशी टेकवतो. तेव्हा अजिबात हलू नये.
२६. सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितली तरी तितक्याच आवडीने ऐकतो.

हिने वाचली. यात दोष कुठले, असं विचारत होती. तिला क्वालिटीतलं कळत नाही.

१७ मार्च, सोमवार. दुपारी १.०५
रजा टाकून सगळे संस्थेत गेलो. यादी दिली. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा लावून सव्वीसही वाचले. मग पिल्लाला भरवलं आणि उभं धरलं. उजव्या खांद्यावर. आमचं पिल्लू डाव्या खांद्याचं आहे, असं मी सांगितलं. त्यांनी लगेच बाजू बदलली. नवव्या मिनिटाला ते पेंगलं. बाई शिंकल्या.

मी उठलो. बाई, तुम्ही नापास, असं म्हणालो. पिल्लू घेतलं. उरलेली अकरा मिनिटं मीच धरलं. मग जाहीर केलं की निर्णय बदललेला आहे, दोषासकट माल स्वीकारतोय, फॉर्म आणा.

फॉर्म मुख्याध्यापिकाबाईंच्याच पर्समधून निघाला. बाई संस्थेच्याच. पिल्लू द्यायच्या आधी घरं तपासायचं काम त्यांचं. शुक्रवारी माझ्या फोनमागोमाग हिचाही फोन गेला होता म्हणे. ट्रायल पिल्लाची नव्हतीच, आमची होती. पिल्लू कायमचं ठेवून घेण्याच्या अर्जावर हिची सही, तारीख ३ मार्च. मालकाच्या रकान्यातही हिचंच नाव.

माझ्यासाठी शेऱ्याची एक ओळ होती. तिथे बाईंनी माझ्यासमोर लिहिलं: "गृहस्थ बोलतात फार. एकदा वेळ चुकवली, कबूल केली नाही. पुन्हा चुकवणार नाहीत. पिल्लाला सरळ धरतात. दोषासह स्वीकृत."

आत्ताच भरवलं. डाव्या खांद्यावर आहे, म्हणून उजव्या हाताने एवढंच लिहितोय. अजून चौदा मिनिटं आहेत. बाईंनी शिक्का वाकडा मारला होता, तो मी निघताना निदर्शनास आणून दिला.