खांद्यावरच्या चुण्या

दि. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा सोडला तर बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. तूही बरा असशील असं धरून चालते.

पत्ता कुठून मिळाला म्हणून दचकू नकोस. तुझ्या पलटणीतला तो जाड्या मागच्या रविवारी आला होता. आधी म्हणाला, "काकू, मला काहीच माहीत नाही." दुसरा कप चहा झाल्यावर माहीत झालं. तू गॅरेजात काम करतोस, दाढी ठेवलीयेस आणि जेवणाचं काही खरं नाही, एवढं त्याने सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

तो आला होता दादाचा बॅनर बघायला. तुला कुठून माहीत असणार म्हणा. आपल्या रस्त्यावर दिव्याच्या खांबांवर फौजेत राहिलेल्या माणसांचे बॅनर लावलेत. कल्पना मास्तरांची, तुला गणितात दोनदा आपटवलं होतं तेच. आता निवृत्त झालेत, वर्गात पोरं नाहीत म्हणून सगळ्या गल्लीला शिस्त लावतात. एका खांबावर एक माणूस. वर फोटो, खाली नाव, हुद्दा, किती वर्षं नोकरी. अगदी तळाशी बारीक अक्षरात "सौजन्य", म्हणजे ज्याने तो बॅनर करून दिला त्याचं नाव. कुणाचा बेकरीवाल्याने दिलाय, कुणाचा शाळेतल्या जुन्या मुलांनी. चौकापासून शाळेपर्यंत एकवीस खांब झाले.

आणि ते सगळे एकवीस माझ्या मशीनखालून गेलेत! प्लास्टिकचे नाहीत, चांगल्या जाड कापडाचे आहेत. पायजम्याला असतो तसा बॅनरला वर-खाली नेफा घालावा लागतो, त्यातून दांडी जाते. वरचा रुंद, खालचा अरुंद, कारण वरची दांडी जाड असते. छापखान्यातली सून गठ्ठे आणून टाकायची आणि मी शिवायची. मास्तर रोज येऊन विचारायचे, "किती झाले?" शेवटी मी म्हटलं, मास्तर, तुम्ही घरी बसलात तर लवकर होतील.

एक गंमत झाली. वरच्या चाळीतले सुभेदार आठवतात ना, मिशीवाले? त्यांच्या बॅनरला मी रुंद नेफा खाली घातला आणि अरुंद वर. खांबावर चढलेल्या माणसाने नेफा बघून दांडी घातली, फोटो बघितलाच नाही. सुभेदार दुपारपर्यंत खाली डोकं वर पाय. ते स्वतः काठी टेकत बघायला आले, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी मला असं टांगलं नव्हतं." सगळी गल्ली हसली. मीही हसले.

दादाचा आपल्या खिडकीसमोरच्याच खांबावर आहे. सौजन्य शेजाऱ्यांचं. नऊ वर्षं झाली त्याला जाऊन, पण कुणी विसरलेलं नाही. बॅनर चांगला आलाय. फोटो तोच, तुमच्या दोघांचा. म्हणजे त्यातला दादाचा भाग. त्याचा एकट्याचा वर्दीतला फोटो घरात नाही हे तुला माहीतच आहे, कॅमेरा दिसला की पळायचा.

जेवत जा. उत्तर पाठवलंच पाहिजे असं काही नाही.

आई


दि. २ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. मीच म्हटलं होतं पाठवलंच पाहिजे असं नाही, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. तरी टपालवाल्याची सायकल वाजली की मशीन थांबवते. त्याला आता कळलंय. लांबूनच हात हलवून "नाही" म्हणतो.

मागच्या पत्रात बॅनर चांगला आलाय असं लिहिलं. ते खोटं आहे.

फोटो तुला आठवत असेल. दादा खांबासारखा ताठ, आणि तू त्याच्या गळ्यात हात टाकून दात काढतोयस. छापखान्यातल्या सुनेने कॉम्प्युटरवर तुला बाजूला कापलं. कापलं तर काय, बॅनर एकाचाच असतो. पण तुझा हात दादाच्या मानेमागून जाऊन पलीकडच्या खांद्यावर आलाय ना, तो राहिला. तिने मला पडद्यावर दाखवलं. "काकू, यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलाय. घालवू का?"

कुणाचा तरी. पोरगी नवी आहे, लग्न होऊन दोन वर्षं झाली, तिला काय माहीत!

मी म्हटलं, "घालव."

एवढंच म्हटलं. पटकन. ती दोन मिनिटं बोटं चालवत होती आणि हात गेला. खाली नुसती वर्दी. मी म्हटलं, छान झालं हं, आणि घरी आले.

मग छापून आल्यावर तो बॅनर मशीनवर घेतला. कापड सरकवत सरकवत खांद्यापाशी आले आणि माझा पाय थांबला. अरे, ती वर्दी मी बेतलेली. फौजेने दिली होती ती ढगळ होती, दादा सुट्टीवर आला तेव्हा दोन्ही खांदे उसवून मी परत बसवले होते. त्या खांद्याला चुणी पडणं शक्य नाही. आणि फोटोत चार चुण्या आहेत. चार बोटांच्या. तिने हात घालवला पण हाताखाली दाबलेलं कापड तसंच राहिलं. कुणीतरी घट्ट धरलंय आणि धरणारा कुठे नाही.

इतर कुणाला दिसत नाही. मास्तरांना विचारलं, ते चष्मा पुसून म्हणाले, "उत्तम आहे." शिवणारीलाच दिसणार ते. चाळीस वर्षं कापडच तर बघतेय.

तो नेफा मी तीनदा घातला आणि तीनदा उसवला. सरळ शिलाई येईना. चौथ्यांदा कसाबसा पुरा केला आणि त्याच हातांनी पुढचा घेतला, तो सुभेदारांचा. ते उलटे का टांगले गेले, कळलं आता? लोकांना म्हातारीच्या डोळ्यांची चूक वाटली. डोळे माझे ठणठणीत आहेत. तूच त्यांच्यात थेंब घातले होतेस.

काल छापखान्यात गेले. म्हटलं, हात परत आण. सून चांगली आहे, तिने कपाळावर आठी आणली नाही, पण म्हणाली, मास्तरांना विचारा. मास्तर म्हणाले, "एकाच्या बॅनरवर दुसऱ्याचा हात कसा ठेवणार? नियम सगळ्यांना सारखा. ज्याचा हात आहे तो फौजेतला आहे ना? मग त्याचा वेगळा बॅनर लावू. दुसरी खेप एप्रिलमध्ये आहे." मग मला बघून जरा हळू बोलले. "फक्त हयात माणसाची सही लागते, बाई. त्याने स्वतः करायची. घरच्यांची चालत नाही."

म्हणजे तुझी.

अजून एक लिहायचं आहे. पण बॉबिन संपलीये, ती भरायला हवी.

आई


दि. ९ मार्च

धाकट्या,

बॉबिन संपली नव्हती.

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी हे वाच, आणि उभा असशील तर बस.

दादाची सुट्टी तू घेतली नाहीस. मी तुला देववली.

तुम्ही दोघे एकाच पलटणीत, सुट्टी एका वेळी एकालाच. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा पाळी दादाची होती. तो येणार म्हणून त्याने कळवलंही होतं. मी त्याला उलट पत्र लिहिलं. काय लिहिलं ते शब्दन् शब्द पाठ आहे. "या खेपेला तू नको येऊस, धाकट्याला पाठव. तू आलास की शेजारी बसून गोळ्या मोजत बसशील आणि मला जास्तच आजारी वाटेल. तो आला की हसवेल." मला भीती वाटत होती रे. आणि भीती वाटली की मला तू लागायचास. दादा लागायचा तो नळ गळायला लागला, छप्पर फुटलं की. आईने असं करू नये. मी केलं.

त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. ते मशीनच्या खणात, सुयांच्या डबीखाली ठेवलं होतं, ते सोबत घातलंय. वाच. "बरं आई. त्याला पाठवतो. थेंब मात्र वेळेवर घालून घे." बास. राग नाही, रुसवा नाही. आणि तुला त्याने काय सांगितलं, ते तू मला हसत हसत सांगितलं होतंस. "दादा म्हणाला, घरी मला कंटाळा येतो, तूच जा." तू ते खरं मानलंस. मी ऐकून घेतलं आणि गप्प बसले.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पलटणीतून फोन आला, दादा गेला म्हणून. तू घेतलास. तू मला सांगितलंस तेव्हा माझ्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्याने तेव्हा सगळं धूसरच दिसायचं. मी काय बोलले ते तुला आठवतं, मला माहीत आहे. नऊ वर्षं मी ते तोंडातून काढलेलं नाही, पण आज लिहिते, म्हणजे मी विसरले असं तुला वाटायला नको. मी म्हटलं, "त्याच्या सुट्टीवर तू इथे लोळत पडलास. मला एकच मुलगा होता."

तुझा चेहरा मला दिसला नाही. तू विचारलंस, "आई, दुपारचे थेंब कोण घालणार?" मी तोंड फिरवलं. तू हनुवटीला धरून ते परत वळवलंस, पट्टी उचललीस आणि घातलेस. एक थेंब गालावर सांडला, तो तू बोटाने पुसलास. मग गेलास दादाला आणायला.

त्याला घेऊन आलास तेव्हा पट्टी सुटली होती. मला सगळं लख्ख दिसत होतं. शेजारच्या दाराला लागलेलं कुलूप दिसत होतं, समोरच्या भिंतीवरची भेग दिसत होती. तू चार तास त्या दारात उभा होतास, वर्दीत, आणि मी तुझ्याकडे बघितलं नाही. का सांगू? कारण ते पत्र मी लिहिलं होतं. ते एकटीने पेलवेना, कुणाच्या तरी अंगावर टाकायचं होतं, आणि सगळ्यात जवळ तू होतास. दुसरं काही कारण नाही. शोधून शोधून बघितलं, नाही सापडलं.

तू लाडका होतास म्हणून त्याला येऊ दिलं नाही, आणि तो गेला म्हणून तुला राहू दिलं नाही. एका पत्राने आणि एका वाक्याने मी दोन्ही घालवले. फौजेला कशाला नावं ठेवू?

आता त्या समोरच्या खांबाकडे बघ म्हटलं तरी बघवत नाही, आणि खिडकी बंद करवत नाही. वाऱ्याने बॅनर हलला की त्या चार चुण्या हलतात. त्याचा खांदा तू शेवटचा कधी धरलास, मला ठाऊक नाही. मी तो फोटोतूनही सोडवला.

सोबत फॉर्म आहे. मी भरलाय. तुझं नाव, हुद्दा, सात वर्षं नोकरी. सौजन्याच्या ओळीत "आई" लिहिलंय. मास्तर म्हणाले, इथे पूर्ण नाव लागतं. मी म्हटलं, यापेक्षा पूर्ण नाव माझ्याकडे नाही. त्यांनी फॉर्मची घडी घालून माझ्या हातात दिली.

फोटो त्याच फोटोचा दुसरा अर्धा आहे. तू दात काढतोयस आणि तुझा हात कडेला जाऊन कापडाबाहेर निघून जातो. सुनेला बजावून सांगितलंय, काही घालवायचं नाही, हात जिथपर्यंत जातो तिथपर्यंत जाऊ दे. फोटोत तू दादाच्या ज्या बाजूला आहेस, त्याच बाजूचा खांब मोकळा आहे. मास्तरांनी तो कुणाला दिलेला नाही. नेफा मी नीट घालीन, वरचा वर आणि खालचा खाली.

महिनाअखेरपर्यंत सही हवी. मी ये म्हणत नाहीये. माफ कर असंही म्हणत नाही, ते मागायला आधी तुझ्या तोंडाकडे बघावं लागेल. सही करायची नसेल तर करू नकोस. फॉर्म सहीविनाच परत पाठव. पाकिटावर इथला पत्ता तेवढा तुझ्या हाताने लिही. नऊ वर्षांत तुझं अक्षर बघितलं नाही.

दादाचं पत्र मात्र ठेवून घे. ते तुझं आहे. माझ्याकडे चुकून राहिलं होतं.

अनेक, अनेक आशीर्वाद.

तुम्हां दोघांची
आई