पाय टेकतील अशी खुर्ची आणि एक कॉकटेल

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार लिहिते आहे, पण तो कागदावरचाच समज. टेबल, पलंग आणि मी एवढं मावल्यावर माझ्या खोलीत साष्टांगाला लागणारी लांबी उरत नाही. (या पत्राचा विषय पाहता 'तीर्थरूप' हा शब्द पूर्ण लिहायला हात धजावला नाही, म्हणून 'ती.'वर भागवलं.) तुझा गुडघा कसा आहे? शिलाई मशीनला मोटर बसवून दिली ती वापरतेस की अजून पायानेच चालवतेस? दुसरं असेल तर सांगू नकोस, मला कळलेलं आहे. इकडे आम्ही तिघंही ठीक. आईचा खोकला गेला, बाबांचा उपदेश चालू आहे. आज बुधवार. बाबा दर बुधवारी संध्याकाळी बुद्धिबळ मंडळात जातात, त्यामुळे जेवणाचं टेबल मोकळं आहे आणि मी कोपर पसरून लिहू शकते.

मुद्दा आधी सांगते, म्हणजे तू मधली पानं गाळून शेवटाकडे जाणार नाहीस: जागा सापडली. नुसती बरी नाही, उत्तम. इतकी उत्तम की ती शोधून काढणाऱ्या व्यक्तीचं कौतुक व्हायला हवं, आणि ते दुसरं कोणी करत नसल्यामुळे मी इथे नोंदवून ठेवते.

कामगिरी सोपी नव्हती. एकीकडे तुझ्या साठाव्या वाढदिवसासाठी बाबांनी ठरवलेला सत्कार: हॉल, व्यासपीठ, मानपत्र आणि बाबांचे 'थोडक्यात दोन शब्द'. (आई निवृत्त झाली तेव्हा त्यांच्या दोन शब्दांत पाहुण्यांचा चहा दोनदा गरम करावा लागला होता.) दुसरीकडे तू फोनवर आवाज खाली आणून सांगितलेली तुझी इच्छा. जन्मभर दुसऱ्यांचे समारंभाचे कपडे शिवलेस, आता ते घालून लोक जातात तरी कुठे हे एकदा बघायचं आहे. टेकडीवरच्या त्या श्रीमंत वस्तीत, चांगल्या ग्लासात, एक झकास कॉकटेल प्यायचं आहे. एकच. खुर्चीला पाठ हवी, पाय जमिनीला टेकायला हवेत, मेनू वाचायला बॅटरी लागू नये आणि कोणी 'आजी' म्हणता कामा नये. अशी जागा मिळाली नाही तर 'मी मुकाट्याने दादाच्या व्यासपीठावर जाऊन बसेन, तू वाईट वाटून घेऊ नकोस,' असं म्हणालीस. मी वाईट वाटून घेतलं नाही. मी कामाला लागले.

माझी पद्धत तुला माहीत हवी. आमची कंपनी शीतगृहं बांधते. फळं, फुलं, लशी यांना हवा तेवढा गारवा हवा तेवढा वेळ देणं हे माझं काम. कॉकटेलमधलं मला काही कळत नाही, पण बर्फातलं कळतं. जो बर्फ पोकळ आणि ओला असतो तो पेय गार करण्याआधीच त्यात पाणी होऊन मिसळतो. मग आत कितीही भारी दारू ओता, ग्लासात येतं ते ओशाळलेलं सरबत. तेव्हा बर्फ तपासायचा, बाकीचं आपोआप कळेल, असं मी ठरवलं आणि पर्समध्ये माझा सुईचा थर्मामीटर टाकला. इथेच पहिली चूक झाली.

पहिली जागा एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर होती. आत शिरल्यावर पायांखाली इतका मऊ गालिचा की मी चालते आहे की बुडते आहे ते समजेना. ग्लास आला. मी पर्समधून थर्मामीटर काढला, सुई पेयात बुडवली आणि आकडा स्थिर होण्याची वाट पाहत बसले. वेटर जागच्या जागी थिजला. (आकडा अजून थिजायचा होता.) मग तो गेला आणि मॅनेजर आला. मॅनेजरच्या मागे बघते तर काउंटरवरच्या सगळ्यांनी डोक्यावर जाळीच्या टोप्या चढवलेल्या. मॅनेजर हात चोळत म्हणाला, "मॅडम, आधी कळवलं असतं तर..." मी म्हटलं, आधी कळवलं तर तपासणीला अर्थ काय? माझ्या मते हे साधं शास्त्रीय विधान होतं. त्यानंतर त्याने मला आग्रहाने स्वयंपाकघर दाखवलं, कोठार दाखवलं, माझा कोट धरला. मीही बघितलं, कारण नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. शिवाय त्यांच्या मोठ्या फ्रिजच्या दाराचं रबर खरोखरच गेलेलं होतं आणि ते मी सांगितलं. परत टेबलाशी आले तर माझा ग्लास गायब, त्याच्या जागी नक्षीच्या ग्लासात साधं पाणी. "ड्यूटीवरच्या माणसाला आम्ही दारू देत नाही, मॅडम," मॅनेजर अभिमानाने म्हणाला. "आमचा नियम आहे." पाणी उत्तम गार होतं. मी ती जागा बाद केली. बाहेर पडताना दारापर्यंत सोडायला सगळे आले.

दुसरी जागा गच्चीवर. तिथे थर्मामीटर काढायचा नाही असं ठरवूनच गेले होते आणि काढलाही नाही. पण तिथे खुर्च्याच नव्हत्या. दोरांनी टांगलेल्या टोपल्या होत्या, ज्यांत माणसाने बसायचं आणि पेय छातीशी धरून हेलकावे खायचे. तुझे पाय जमिनीपासून वीतभर वर राहिले असते. तरी बाकीच्या अटी पाहाव्यात म्हणून वेटरला विचारलं, साठ वर्षांच्या बाई आल्या तर त्यांना तुम्ही काय म्हणाल? तो विचारात पडला आणि म्हणाला, "बुकिंग आहे का म्हणेन." या उत्तराला मी मनातल्या मनात पूर्ण गुण दिले. मग शेजारच्या टोपलीतल्या जोडप्याचं कॉकटेल आलं. काचेच्या घुमटाखालून पांढरा धूर, टाळ्या, फोटो. धूर म्हणजे सुका बर्फ, आत्या. तो आमच्या रोजच्या वापरातला. त्याचा खडा तोंडात गेला तर जीभ भाजल्यासारखी होते आणि पोटात गेला तर त्याहून वाईट, आणि त्या ग्लासात खडा तळाशी सुटाच पडलेला मला दिसत होता. मी सभ्यपणे वाकून तेवढंच सांगितलं. (टोपलीतून सभ्यपणे वाकता येत नाही, मी जवळजवळ त्यांच्या मांडीवर गेले.) तरुणाने ग्लास खाली ठेवला. त्याच्या शेजारच्यांनी विचारलं, काय झालं? त्यांनी त्यांच्या शेजारच्यांना सांगितलं. पाहता पाहता सगळ्या गच्चीवर धुराचे ग्लास एकटे पडले आणि टोपल्या मागे सरकल्या. मॅनेजरीणबाई माझ्याकडे आल्या आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला खाली जास्त बरं वाटेल." खाली म्हणजे कुठे, मी विचारलं. "रस्त्यावर," त्या म्हणाल्या. तरी जाता जाता मी त्यांना खडा अडकेल अशी जाळी ग्लासात कशी बसवायची ते कागदी रुमालावर काढून दिलं. आता तिथे ती जाळी आहे, असं ऐकते.

तिसरी जागा. (तिचा पत्ता मला कसा मिळाला ते मागाहून.) फुलांचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये एक अरुंद दार, वर पाटी नाही. आत लाकडी काउंटर, पिवळा, वाचता येईल असा उजेड, आणि काउंटरमागे लोकरीचं काहीतरी विणत बसलेल्या मालकीणबाई. गळ्यात दोरीला चष्मा. कोपऱ्यात एक गृहस्थ वर्तमानपत्रामागे बसलेले, ज्यांनी माझ्या तिथल्या संपूर्ण मुक्कामात पान उलटलं नाही. मालकीणबाई वर न बघता म्हणाल्या, "आज कॉकटेल नाही. बर्फाचं यंत्र बसलंय." मी म्हटलं, बघू का? आता त्यांनी वर बघितलं. "दुरुस्तीवाल्या का तुम्ही?" मी म्हटलं, नाही, मी मोठी यंत्रं बनवते, खोलीएवढी. "मग हे लहान जमेल ना?" हे त्या ज्या सुरात म्हणाल्या तो सूर तुझा आहे, आत्या. 'तुला काज करायला जमेल ना?' हे तू मला सहावीत विचारलं होतंस तोच.

मी कोट काढला आणि यंत्राच्या मागे शिरले. आत काळोख. तेवढ्यात वर्तमानपत्राखालून एक हात बाहेर आला आणि त्यात किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेली छोटी बॅटरी होती. मी घेतली, आभार मानले, वर्तमानपत्र आणखी वर सरकलं. बॅटरी मारून बघते तर यंत्राच्या मागच्या जाळीवर निळी, गुलाबी, मोरपंखी लोकर अशी बसली होती की जणू यंत्रानेच स्वेटर घातला आहे. उष्णता बाहेर जाणार कशी? मालकीणबाईंनी वर्षानुवर्षं जे विणलं त्याचा सगळा कचरा पंख्याने आत ओढून घेतला होता. मी तो ब्रशने सोडवला आणि त्याचा गोळा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्या गोळ्याकडे बघून म्हणाल्या, "हा गुलाबी माझ्या नातीचा." पुढे, "तिला आता तो घट्ट होतो." एवढं बोलून त्यांनी गोळा खणात ठेवला.

यंत्र चालू झालं. काही वेळाने पहिला बर्फ पडला: घट्ट, कोरडा, आरपार स्वच्छ. मालकीणबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं, उंच भांड्यात जिन आणि काहीतरी कडवट ओतलं, लांब दांड्याच्या चमच्याने ढवळलं (हलवलं नाही, ढवळलं, आणि भांड्याच्या बाहेरच्या बाजूला दव धरेपर्यंतच), गारठवलेल्या ग्लासात गाळलं आणि वर संत्र्याच्या सालीचा तुकडा पिळला. सालीतून उडालेलं तेल उजेडात दिसलं. मी थर्मामीटर काढला. त्या म्हणाल्या, "आधी प्या." मी प्यायले. आत्या, आधी गारवा येतो, मग संत्र्याचा वास, मग कडवटपणा, आणि तो जाताना असा जातो की तुला वाटतं आपल्याला कोणीतरी नीट, मान देऊन निरोप दिला. मी 'वा' म्हणाले. मोठ्याने, एकटी असताना, अनोळखी लोकांत. माझ्या बाबतीत ही घटना आहे, हे तू जाणतेस. (तापमान नंतर घेतलं. शून्याच्या खाली. अर्थात.)

राहता राहिली खुर्ची. तिथे सगळी उंच स्टुलं. दुरुस्तीचं काय द्यायचं, असं मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, पैसे नकोत, एक खुर्ची हवी, माझ्या आत्यासाठी, पाठ असलेली, आणि बैठक जमिनीपासून एवढ्या उंचीवर. तू ज्या खुर्चीवर बसून शिवतेस तिची उंची मला पाठ आहे. लहानपणी तिच्या खाली बसूनच मी चिंध्या गोळा करत असे. "आत्या पिणार की शिवणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती पिता पिता तुमच्या विणकामातल्या चुका काढेल. "आणाच," त्या म्हणाल्या. मागच्या बुधवारी जाऊन पाहून आले. खुर्ची तयार आहे. पाय कापून बेतलेले, घासलेले, खाली ओरखडे उठू नयेत म्हणून नमदा लावलेला. तुझ्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. 'आजी'ही कोणी म्हणणार नाही, कारण मालकीणबाई स्वतः तुझ्याहून मोठ्या आहेत आणि तुला 'पोरी' म्हणण्याची दाट शक्यता आहे.

शेवटची आणि सर्वांत मोठी बातमी: सत्कार रद्द. हॉल बाबांनी आपणहून सोडला. मी अवाक्षरही काढलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, तिथल्या पंख्यांचा आवाज फार. तेव्हा विजय संपूर्ण आहे, तू गाडीचं तिकीट काढ आणि तो जांभळा ब्लाउज शिवायला घे, जो तू गेली कित्येक वर्षं 'कुठे घालणार' म्हणून कापडातच ठेवला आहेस.

तुझी भाची

ता. क. शाल आण. गारवा मी नीट केलेला आहे, पण तो फक्त ग्लासापुरता राहत नाही.

आणखी एक ता. क. तिसऱ्या जागेचा पत्ता पद्धतीने मिळालेला नाही. आमचं जेवणाचं टेबल डुगडुगतं म्हणून बाबांनी त्याच्या एका पायाखाली जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्या घातल्या आहेत. बुद्धिबळ मंडळात चहाच्या कपाखाली देतात, असं ते सांगत आले. गच्चीवरून हाकललं गेल्यावर घरी येऊन जेवताना माझा चमचा खाली पडला, मी वाकले, आणि चकतीवर दार, पत्ता आणि ग्लासाचं चित्र पाहिलं. तो बुधवार नव्हता. पुढच्या बुधवारी गेले. वर्तमानपत्राखालून आलेली ती बॅटरी मीच बाबांना दिलेली होती. परत देताना मी फक्त "पटावर राजा सुरक्षित आहे ना?" एवढंच विचारलं. हॉल त्यांनी दुसऱ्या दिवशी सोडला.

शेवटचा ता. क., आणि खरं तर यासाठीच एवढं लिहिलं. खुर्ची मी सांगितलेल्या मापाची नाही. मागचे पाय पुढच्यांपेक्षा किंचित आखूड आहेत. मी हरकत घेणार होते, तर मालकीणबाई म्हणाल्या, पाय कोपऱ्यातल्या साहेबांनी कापलेत, त्यांनाच विचारा. विचारलं. बाबा वर्तमानपत्रातूनच म्हणाले, "शिवायची खुर्चीही तिला मीच कापून दिली होती. शिवताना ती पुढे वाकते, म्हणून त्या खुर्चीचे पुढचे पाय आखूड ठेवले. इथे तिने मागे टेकून बसावं." आणि पान न उलटता, "मी कोपऱ्यात बसलो तर चालेल का, विचार तिला. बोलणार नाही." तेव्हा विचारते आहे. काय ते कळव. तुझ्या शेजारी दुसरी खुर्ची मावते, ते मी मोजून आले आहे.