घरातल्या आभाळावर काच बसवण्याबाबत

चि. जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

तुमची प्रकृती उत्तम असणार असं धरून चालतो, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही आणि आमच्या कन्येच्या फोनवर फक्त आमच्याच प्रकृतीची उलटतपासणी होते. इकडे सगळं ठीक. तुमच्या सासूबाईंचे गुडघे अधूनमधून कुरकुरतात, माझ्या रक्तदाबावर डॉक्टर खूश आहेत, आणि झाडही मजेत आहे. (झाडाची खुशाली पत्रात कुठे लिहितात ते मला माहीत नाही. पण घरात राहतं, म्हणजे घरातलंच म्हणायचं.)

तुम्ही विचारलंत की मधल्या खोलीचं छप्पर काढून जी मोकळी जागा केली, तिच्यावर काच बसवून ती कायमची बंद करायची का, झाड उचलून सार्वजनिक बागेत लावायचं का. गवंडी आणि काचवाला येत्या रविवारी मोकळे आहेत, तेव्हा हो की नाही एवढंच लगोलग कळवा, असंही लिहिलंत. प्रश्न सरळ आहे, त्यात तुमची काही चूक नाही. पण मी उत्तर लिहायला बसलो की आधी 'हो' लिहितो, मग वर बघतो, मग कागद बदलतो. तेव्हा झालं ते सगळं क्रमानं लिहितो, उत्तर त्यातच कुठेतरी सापडेल अशी आशा आहे.

मुळात जावयाकडे तक्रार करायची म्हणजे माझी जीभ जड होते. आमच्या घरात आजवर कोणी जावयाला चहात साखर कमी पडली असंही सांगितलेलं नाही, आणि इथे तर मला अख्ख्या आभाळाबद्दल सांगायचं आहे. त्यातून या सगळ्याला सुरुवात मीच केली. लग्न ठरवायला आम्ही तुमच्या घरी आलो होतो तेव्हाची गोष्ट. दोन्हीकडची माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती, आणि कोपऱ्यात एक कुंडी होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की वा, मला झाडांची फार आवड. (ते झाड प्लॅस्टिकचं होतं, हे मला तुमच्या आईंनी ते फडक्यानं पुसायला घेतल्यावर कळलं.) तुम्ही मात्र माझं बोलणं मनावर घेतलंत. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वाढदिवसाला एक कुंडी आली, आणि तुम्ही मोठे वास्तुरचनाकार झाल्यावर एक झाडच आलं, ज्याच्यासाठी घराचं छप्पर काढावं लागलं. त्या दिवशी मी पंख्याचं कौतुक केलं असतं तर माझं आयुष्य कुठल्या कुठे गेलं असतं, असा विचार कधीकधी मनात येतो.

तुम्ही मला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं होतं, ते मी विसरलेलो नाही. माणूस हजारो वर्षं झाडापाण्यात राहिला, शरीर ते विसरलेलं नाही, चार भिंतींत कोंडलं की ते आतून सुकतं, एखादं पान हलताना दिसलं तरी नाडी शांत होते, वगैरे. मी मान हलवत होतो. (डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाला मान हलवायची संधी कमी मिळते, त्यामुळे मिळाली की मी ती सोडत नाही.) मग तुम्ही चित्र दाखवलंत. त्यात झाडाखाली एक सडपातळ म्हातारा पुस्तक वाचत बसला होता आणि तो मी होतो. एक बाई हसत हसत वेलीला पाणी घालत होती, त्या तुमच्या सासूबाई होत्या. त्या चित्रात डास नव्हते, ओली फरशी नव्हती, आणि गाद्या कुठे वाळत घालायच्या याबद्दलही काही नव्हतं. पण चित्र फार सुंदर होतं, आणि तुम्ही ते इतक्या मायेनं धरलं होतंत की मी हो म्हणून बसलो.

आता माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस जन्मभर काय करतो, तर निसर्गाला घड्याळाच्या बाहेर ठेवतो. धूळ नको, ओल नको, वारा तर नकोच नको. दुकानाची खोली आणि घर यांच्यामध्ये जी भिंत होती ती माझ्या बापानं एवढ्याचसाठी घातली होती. ती भिंत तुम्ही मनाची घुसमट होते म्हणून काढलीत. (भिंत असताना माझी घुसमट होत होती हे मला माहीत नव्हतं, ते तुमच्याकडून कळलं.) आता माझं टेबल आणि झाड एकमेकांसमोर बसलेली असतात आणि एकमेकांचं काय करावं हे दोघांनाही कळत नाही.

पहिली भानगड पाण्याची. भिंतीलगत तुम्ही जी बारीक पाटासारखी धार सोडली आहे ती दिवसभर झुळझुळते. घड्याळ दुरुस्त झालं की गिऱ्हाईक ते कानाला लावून बघतं, हा जगाचा नियम आहे. आता लावलं की झुळझुळ ऐकू येते. एका बाईंनी घड्याळात पाणी शिरलं म्हणून ते परत माझ्या हातात ठेवलं. मी त्यांना बाहेर रस्त्यावर नेऊन टिकटिक ऐकवली, तर तिथे रहदारी. शेवटी शेजारच्या औषधाच्या दुकानात, औषधवाल्याला गप्प बसवून, आम्ही ती ऐकली. तेव्हापासून औषधवाला आपलं दुकान सोडून आमच्या झाडाखाली येऊन बसतो. त्याची नाडी शांत होते म्हणतो. त्याचं गिऱ्हाईक माझ्या दारात येऊन खोकल्याचं औषध मागतं, आणि मी भिंग लावलेल्या डोळ्यानं त्याच्याकडे बघतो तेव्हा ते जरा घाबरतं.

दुसरी भानगड पाखराची. झाडावर एक तपकिरी पाखरू राहायला आलं आहे. चोच पिवळी, चालणं मामलेदाराचं. त्याचं नाव मला माहीत नाही. (झाडांची आवड असलेल्या माणसाला ते माहीत असावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर क्षमा असावी.) सासूबाई त्याला 'पाहुणी' म्हणतात. ही पाहुणी टेबलाच्या कडेला येऊन बसते, मान तिरपी करून मी काय करतो ते बघते, आणि काहीतरी चमकतं आहे असं दिसलं की उचलते. निदान गावात सगळ्यांना मी तसं सांगितलं आहे. वकीलसाहेबांचं प्रकरण तिच्यामुळेच झालं. त्यांच्या आजोबांचं खिशातलं घड्याळ मी उघडून ठेवलं होतं आणि ते समोर उभे होते. एक स्क्रू, मोहरीच्या दाण्याहून लहान, चिमट्यातून गेला. मी म्हणालो, पाहुणीनं नेला. वकीलसाहेबांनी वर पाहिलं. त्यांनी आधी पाखराला, मग झाडाला, आणि मग नाव न घेता तुम्हाला जे काही सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. नेमका त्याच वेळी आमच्या कन्येचा फोन चालू होता, तिनं सगळं ऐकलं आणि तुमच्या कानावर घातलं, आणि म्हणून तुमचं हे पत्र. त्याच संध्याकाळी तो स्क्रू मिळाला, पण घड्याळ अजून माझ्या टेबलावर उघडंच पडलं आहे, आणि वकीलसाहेब रोज येता-जाता आत डोकावतात.

तिसरं म्हणजे तुमच्या सासूबाई. भिंत होती तोवर आम्ही दोघं सुखानं बोलत होतो, म्हणजे त्या आतून विचारायच्या आणि मी बाहेरून हं म्हणायचो. आता त्या समोरच दिसतात. भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघतात. मी मान वर केली की त्या झाडाकडे बघतात. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणसानं एकमेकांना दिवसभर दिसावं की नाही, यावर तुमच्या शास्त्रात काही लिहिलं आहे का? मी तर पार गोंधळून गेलो आहे.

तेव्हा विचारांती असं ठरतं आहे की बंद करावं. धंदा आहे तर घर आहे, आणि पाखरू स्क्रू नेतं म्हटल्यावर जबाबदार माणसानं दुसरं काय सांगावं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. झाड गुणी आहे, बागेत त्याचं बरं चालेल. रविवारी या, मुक्कामालाच या.

तुमचा,
घड्याळवाला सासरा

ता. क. हे पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. भाजी निवडत त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाल्या, बंद नका करू म्हणावं. मी विचारलं की पानं रोज तुम्हीच झाडता, गुडघे तुमचेच दुखतात, मग का? तर म्हणाल्या की मला झाडायची सवय झाली आहे, आता करमणार नाही. केरसुणीबद्दल इतकं चांगलं बोललेलं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. मला काही कळेनासं झालं आहे.

ता. क. २. त्या आत्ता गुडघ्याचा मलम आणायला औषधवाल्याकडे गेल्या आहेत (म्हणजे आधी त्याला झाडाखालून उठवून), तेवढ्यात घाईनं लिहितो. काच बसवू नका. गवंड्याला नको म्हणून सांगा. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त पाखराचं खोटं आहे. त्या बिचाऱ्या पाहुणीनं आजवर एकही स्क्रू नेलेला नाही. माझा उजवा हात थरथरतो. झाड यायच्या आधीपासून थरथरतो. बंद खोलीत स्क्रू पडला की तिथे मी आणि गिऱ्हाईक दोघंच असायचो, आणि गिऱ्हाईक माझ्या हाताकडे बघायचं. आता पडला की ते वर बघतं. वकीलसाहेब एवढे संतापले, पण घड्याळ उचलून दुसऱ्याकडे नेलं नाही त्यांनी, राग सगळा फांदीवर काढला. काच बसली की मी कोणाकडे बोट दाखवू? मला भीती वाटते, जावईबापू. दुसरं काही काम मला येत नाही. घरात हे कोणालाही माहीत नाही, सासूबाईंना तर मुळीच नाही. त्यांना कळलं तर त्या त्याच दिवशी टेबल आवरायला घेतील. तेव्हा रविवारी आलात की सर्वांदेखत असं सांगा की उघडी जागा एकदा केली की ती झाकता येत नाही, भिंतींना धोका पोचतो. तुमच्या शास्त्रात असं काहीतरी असेलच. नसलं तर शोधून ठेवा. कन्येलाही सांगू नका.

ता. क. ३. एक तांत्रिक शंका राहिली, ती घर बांधणाऱ्यालाच विचारायला हवी. माझ्या हातातून स्क्रू सुटतो तो माझ्याच टेबलाखाली पडतो. त्याचा आवाज मला ऐकू येतो, कान अजून शाबूत आहेत. पण मी खाली वाकेपर्यंत तो दिसत नाही. आणि संध्याकाळी सासूबाई पानं झाडायला घेतात तेव्हा नेमका तोच स्क्रू त्यांना पार पलीकडे, झाडाच्या बुंध्याशी सापडतो, स्वच्छ पुसलेला. तो तळहातावर ठेवून माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, हा घ्या, तुमच्या पाहुणीनं टाकला. वकीलसाहेबांचाही असाच मिळाला. मी फरशीवर गोटी ठेवून पाहिली, ती जागची हलली नाही. तरी टेबलापासून झाडापर्यंत तुम्ही कुठे उतार ठेवला असेल, तर कृपा करून कळवा.