कोमट पाणी

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! खोली हम्मामच्या, म्हणजे गावच्या न्हाणीघराच्या, मागेच आहे. खिडकीतून झऱ्याची वाफ दिसते. झऱ्याच्या तोंडाशी दगडांवर गुलाबी साय धरली आहे. उकळत्या पाण्यात जगणारा हा जिवाणू अजून कुणी नोंदवलेला नाही, माझी खात्री आहे. हम्माम सांभाळणाऱ्या झुलीखाबाईंना सगळे खाल्ती म्हणतात, म्हणजे मावशी. आल्या आल्या त्यांनी खरखरीत हातमोज्याने मला घासघासून सोललं. वर ऐकवलं, की तुम्ही कॉन्स्टन्टीन शहरातल्या पोरी नुसतं अत्तर फासता, मळ तसाच. माझ्या सात महिन्यांच्या लेकीला, इनासला, सासूबाईंकडे ठेवून आलेय. तिच्या आंघोळीच्या वेळी जीव कासावीस होतो. पुढच्या महिन्यात तिला इथे आणणार.

६ नोव्हेंबर
साय खरवडली. कातडी इतकी हुळहुळत होती की रबरी हातमोजे सहन होईनात, मग उघड्या हातांनीच. इथे बाळाला न्हाऊ घालण्याआधी त्या पाण्यात अंडं फोडतात. पांढरं धरलं, म्हणजे थिजलं, तर पाणी फार कढत, फेकायचं. हाताचा भरवसा धरू नकोस, झरा हाताला फितवतो, असं खाल्ती म्हणाल्या. माझ्याकडे तापमापक आहे म्हटलं, तर म्हणे, मग त्याचाच रस्सा करून खा.

१५ नोव्हेंबर
वाढला! जिवाणू वाढवायचा नेहमीचा आगर एवढ्या उष्णतेत वितळतो, म्हणून दुसरा डिंक वापरला. त्यावर गुलाबी ठिपके आले. गार जागी मात्र तो निपचित पडतो, मरत नाही, ऊब मिळायची वाट बघतो. त्याला इनासचं नाव देणार. भट्टीतली ताटली चिमट्याशिवाय उचलली, हे नंतर लक्षात आलं.

२३ नोव्हेंबर
नखांखाली गुलाबी. घासून जात नाही. उकळती कॉफी गार लागली. खाल्तींनी माझा हात धरला आणि झटकन सोडला. डॉक्टरकडे जा पोरी, आजच जा, म्हणाल्या. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

३० नोव्हेंबर
तापमापक काखेत धरला. पारा टोकाला गेला, काच तडकली. होता तेवढा एकच. हुडहुडी भरलीय. झऱ्यात पाय सोडले तेव्हा कुठे बरं वाटलं.

४ डिसेंबर
इनास आली. सासूबाई नमाजाला बसल्यात, खाल्ती बाजारात. लेक किती गार लागतेय — उचलली तशी किंचाळली. दंडावर माझी पाच बोटं उमटली, लाल — नाजूक कातडी, दुसरं काय —

टब भरला. कोपर घालून पाहिलं. कोमट.

खाल्तींच्या समाधानासाठी अंडं फोडलं. लगेच पांढरं धरलं. पण एका अंड्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो — दुसरं फोडलं असतं, पण एका हातात इनास, दुसऱ्यात पेन — रडू नको गं, आत्ता ऊब येईल — हे बघ, पेन ठेवते आणि