नाकातून म्हणायचे नाव

सिल्वासा, ४ मार्च १९८८

चि. प्रभाकर यास अनेक आशीर्वाद.

हात कापतो म्हणून ब्रश ठेवून दिलास, हे वाचून अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या लाडक्या फ्रेंच चित्रकाराचे, पूसाँचे, हात म्हातारपणी कापत नव्हते? फ्रान्सच्या राजाने पॅरिसला बोलावून मान दिला, तरी हा पठ्ठ्या दोन वर्षांत रोमला परतला. आधी मेणाच्या बाहुल्या पेटीत मांडून उजेड कसा पडतो ते पाहायचा, मगच रंगाला शिवायचा. घाई नाही, भपका नाही. चारही ऋतू त्याने कापऱ्या हातानेच रंगवले.

राखोलीच्या पुलावर बसून तू रेखाटलेली दमणगंगा आता तुझ्या कॅनव्हासवरच उरली आहे. इथे काठावर कारखान्यांच्या शेडी उठल्या, पाण्याला रोज नवा रंग. तिथला एक साहेब म्हणाला, बाई, ही प्रगती आहे. म्हटले, मग एक पेला पिऊन दाखवा.

चित्र पुरे कर आणि त्याला त्या गुरूचेच नाव दे. तू अजून ‘पुसा’ म्हणतोस. फळा पुसायचा आहे का? नाकातून म्हण! आमच्या कॉन्व्हेंटात फ्रेंच शिकवणाऱ्या मदरने तुला बाकावर उभे केले असते. सूनबाई केतकीला आशीर्वाद. माया आहे म्हणूनच रागावते.

तुझी ताई,
सुलभा

नाशिक, २ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

अक्षराला हसू नकोस. नदी झाली, झाडे झाली. पाणी भरणारी बाई तेवढी राहिली. तिचे तोंड तीनदा पुसले. नाव तू म्हणतेस तेच, चंद्रबिंदूसकट. माझ्या नाकाला कॉन्व्हेंटचा संस्कार नाही, तेव्हा लिहूनच भागवीन. रागाचा वाटा असाच पाठवत जा.

प्रभाकर

नाशिक, ११ मे

ती. आत्यांना सा. न. वि. वि.

झटक्याने बाबांची वाचा गेल्याचे तारेने कळवलेच होते. आता पाटीवर लिहून सांगतात. परवा चित्राकडे बोट दाखवून त्यांनी लिहिले, ‘पुसा’. मला फार वाईट वाटले, पण त्यांचा शब्द मोडवेना. रंग ओलाच होता. टर्पेंटाइनने सगळे पुसून काढले. ते हात हलवत होते, पण हात त्यांचा नेहमीच हलतो. तेव्हापासून पाटीला शिवत नाहीत, जेवतही नाहीत. अक्षरावर चंद्रकोरीसारखे काही उमटले होते, हात कापून झाले असेल. आत्या, माझे काही चुकले का?

तुमची सून,
केतकी

सिल्वासा, १७ मे

चि. सौ. केतकीस आशीर्वाद.

तुझे काही चुकले नाही. तू बरोबर वाचलेस. चंद्रकोर हात कापूनच उमटली असणार.

प्रभाकरला एवढे वाचून दाखव: ताईने नाव नाकातून वाचले. अर्थ विचारू नकोस, म्हाताऱ्यांची थट्टा आहे. त्याला पेज भरव. मी निघतेच आहे.

तुझ्यावरचा लोभ तिळभरही कमी झालेला नाही. फक्त ती पाटी पुसू नकोस.

सुलभाआत्या