मुकी पट्टी दुरुस्त करू नये

मामाच्या ऑर्गनची पायाने वाजवायची तिसरी पट्टी आधी मुकी झाली, की त्या जागी थांबावे हे त्याला आधीच सुचले होते? याचे उत्तर मला माहीत नाही. जे माहीत आहे ते मी, आमच्या घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका. आई त्यामुळेच जास्त काळजी करते.

१. माझी बँकेतली शिल्लक वहिनीला, अर्धवट राहिलेली पदवी पुरी करण्यासाठी. दादाने "आता या वयात?" असे विचारल्यास तिने त्याला हे कलम दाखवावे.

२. पुस्तके आईला. ती वाचत नाही, पण पुसते फार मायेने.

३. ऑर्गन आणि आपल्या रचनांचे हक्क मामाने हयातीतच मला दिले. मामा जॅझ वाजवायचा आणि स्वतः रचायचा. हॉटेलात जेवणाऱ्यांचे काटे-चमचे हवेत थांबवणारा दुसरा वादक मी पाहिलेला नाही. बूट काढून, नुसत्या मोज्यांनी तो खर्ज वाजवी. मुक्या पट्टीपाशी आला की पाय अधांतरी धरी. त्याच्या प्रत्येक रचनेत ती जागा आहे.

मेकॅनिक एकदा म्हणाला, "सोपं काम आहे मामा, करून टाकू?"

"राहू दे रे. तेवढाच लोकांना श्वास घ्यायला मिळतो."

४. मामाच्या वादनाचे रेकॉर्डिंग करणाऱ्याने ती मोकळी जागा चूक समजून तिथे स्वर भरला. मामा हसला. मला अजून हसता आलेले नाही. ते रेकॉर्डिंग माझ्या पश्चात कुठेही वाजवू नये.

५. दादाला ऑर्गन विकायचा होता. गिऱ्हाइकाची अट एकच, पट्टी दुरुस्त हवी. "जी वाजतच नाही ती ठेवून करायचंय काय?" दादा म्हणाला. मी त्याला मामाची रचना वाजवून दाखवली आणि त्या जागी थांबले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "पुढे वाजव ना."

६. म्हणून ऑर्गन आणि मामाच्या रचनांचे हक्क, मी शिकवते त्या संगीतशाळेला. शिकू इच्छिणाऱ्या कुणालाही अडवू नये. पट्टी आहे तशी ठेवावी. यावर वाद होण्याचे कारण उरलेले नाही: ऑर्गन काल तिथे पोचला. जड बाजू दादाने उचलली.

वरील सर्व मीच लिहिले, वाचले आणि मला मान्य आहे. (सही)

साक्षीदार: शाळेतल्या गायनाच्या बाई (सही)
साक्षीदार: ऑर्गन मेकॅनिक (सही. हलवताना पट्टीला हात लावलेला नाही.)

स्थळ: संगीतशाळेची मागची खोली
तारीख: शस्त्रक्रियेआधीचा रविवार