आजारभत्ता आणि दसऱ्याचा मुहूर्त

१८ सप्टेंबर १९७८, सोमवार
भत्ता मिळू शकतो. कामगार विमा कचेरीतल्या जाधवबाईंनी आज माझं जुनं कार्ड समोर ठेवून तसं सांगितलं. मेमध्ये कंपनी सोडली, आता स्वतःची लेथची शेड, म्हणून मेव्हण्यानं ठाम सांगितलं होतं की विमा संपला. तसं नाही. नोकरीत असताना पगारातून कापून गेलं, त्याचा हक्क पुढच्या सहामाहीत मिळतो, नोकरी असो वा नसो. माझा जानेवारीअखेरपर्यंत आहे. हर्नियाचं ऑपरेशन या ७ तारखेचं, म्हणजे बसतंय.

अट एकच. सर्टिफिकेट चालू आहे तोवर काम करायचं नाही.
मी म्हटलं, "शेड माझीच आहे. ती बंद ठेवू?"
"शेड चालू द्या. तुमचा हात लागायचा नाही. स्वतःचं असलं तरी काम ते काम."

परत येताना बसमध्ये उभा राहिलो नाही. एकानं जागा दिली. टाके काढले तरी जखमेचा कोपरा ओढतो.

२० सप्टेंबर
गणपतराव एकटे लेथ चालवत आहेत. मोशीहून सायकलवर येतात, वय साठीच्या जवळ, हात अजून माझ्यापेक्षा बरा. संध्याकाळी घरी निरोप द्यायला आले. पितळी बुशांची ऑर्डर वेळेत जाईल म्हणाले. मी उद्या एक चक्कर मारतो म्हणालो, तर दारातच उभे राहून, "मालक, तुमी हितं बसून ऱ्हावा. तकडं आला की तुमचा हात गप ऱ्हायचा न्हाई. मला ठावं हाय."
सुमन आतल्या खोलीतून हसली. बायकोसुद्धा माझ्या बाजूनं नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार
विम्याचा दवाखाना. दीड तास रांग. कंपनीतला साळुंके पुढे होता, बोट बांधलेलं. मला बघून मोठ्यानं, "अरे, मालक लोक पण रांगेत! राव, तुमच्या कामगारांना कुठला दवाखाना?" सगळे हसले. मीही. माझा कामगार एकच, आणि तो दवाखान्याला भितो.

डॉक्टर: खोकताना दुखतं? थोडं. जड उचललं? नाही. शिंक? शिंक आली की पोटावर उशी धरतो. ते म्हणाले, छान, असंच करा. आणखी आठवडा लिहून दिला. सर्टिफिकेटच्या मागे छापील वाक्य असतं, या काळात मी कोणतंही काम केलेलं नाही. खाली रिकामी ओळ, खाली सही. सही केली.
पैसे लगेच नाहीत. कंपनीकडून पगारकपातीचा जुना तक्ता यायचाय. तो आला की पहिल्या दिवसापासूनचं एकदम.

२९ सप्टें.
गणपतराव एक बुश वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. आतल्या भोकाचं माप शेवटाकडे मोठं येतंय. बुश त्यांनीच धरला, मी खिडकीच्या उजेडात नुसता पाहिला. कापणारं टूल हलतंय, ते धरणारी पोस्ट आवळा, म्हणून सांगितलं. ते गेले. मग मला शंका, हे सांगणं काम झालं का?
सुमन: "अहो, बोलायचं बंद करा असं बाईंनी सांगितलं असतं, तर घरात शांतता तरी मिळाली असती."

४ ऑक्टो.
चालणं वाढवलं. चौकापर्यंत आणि परत. घरखर्च सुमनच्या शिवणावर चाललाय. नवरात्रामुळे ब्लाउज भरपूर आहेत. शिलाई मशीनचा आवाज दुपारीही थांबत नाही. शेडमधून येतं ते भाडं आणि ग.च्या पगारात जातं. भत्ता आला तर दोन महिने निवांत. नाही आला तर लेथच्या हप्त्यासाठी पुन्हा मेव्हण्याच्या दारात.

१० ऑक्टो., मंगळवार, खंडेनवमी
शेडवर गेलो. पूजेला जाणं म्हणजे काम नव्हे, हे मीच ठरवलं. ग.नी लेथ घासून आरशासारखा केलेला. हळदकुंकू, झेंडू, पुढे केळी. माप घ्यायच्या मायक्रोमीटरलाही कुंकू लावलं त्यांनी. स्टुलावर बसून होतो. सुमननं ओवाळलं. आज मशीन बंद, सगळ्या गल्लीत शांत. कंपन्यांकडून तेवढा आवाज येत होता.

११ ऑक्टो., दसरा
आमच्या शेडच्या गल्लीत एक रिवाज आहे. खंडेनवमीला झोपवलेलं मशीन दसऱ्याला मालकानं उठवायचं. त्यानं पहिली चिप, म्हणजे धातूचा कीस, काढायची, ती पानसुपारीबरोबर मशीनवर ठेवायची. तोवर दुसऱ्यानं हँडलला हात लावायचा नाही. शुक्रवारी माल जायचाय. उद्या सकाळी ग.ना मशीन लागणार.

ग. म्हणाले, "मालक, व्हा म्होरं."
मी म्हटलं, "तुम्हीच करा यंदा."
"म्या? म्या करून कसं चालंल? मशीन तुमचं हाय."
शेजारच्या शेडमधले पाच-सहाजण आपट्याची पानं घेऊन उभे. त्यांचं तेच. चला राव, मुहूर्त चाललाय.
सुमन ओवाळणीचं ताट धरून माझ्याकडे बघत होती, नको अशा अर्थानं. की सांभाळून, असं? नक्की कळलं नाही.

लिव्हर टाकला. पितळेचा तुकडा ग.नी आधीच बांधला होता. एक कट. चिप निघाली, पिवळी, चांगली लांब. मशीन बंद केलं. सगळं मिळून दोन मिनिटं. पोटात काही झालं नाही. पाच महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

१६ ऑक्टो., सोमवार
डॉक्टरांनी शेवटचा आठवडा दिला. सोमवारी २३ ला कामाला फिट. कचेरीत गेलो. जाधवबाई म्हणाल्या, तक्ता आला, आजचा कागद लावला की फाइल पुढे. कागद उलटा केला. या काळात मी कोणतंही काम केलेलं नाही.

सोळा वर्षं कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. भोंगा व्हायच्या आत रिपोर्ट द्यायचा, आणि जे माप आलं ते लिहायचं. हात तसाच चालला. रिकाम्या ओळीत लिहिलं: ता. ११ रोजी दसऱ्याच्या मुहूर्तासाठी दोन मिनिटे लेथ चालविला. मग सही.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला. "अहो, हे कशाला लिहिलंत?"
"झालं ते लिहिलं."
"आता हे मला साहेबांपुढे ठेवावं लागेल. चौकशी लागेल. एका दिवसाचं नाही, अख्खं अडकेल." मग हळू आवाजात, "कोरा कागद देते. डॉक्टरांकडून परत सही आणा. हा मी पाहिलाच नाही."

बाकावर जाऊन बसलो. कोरा कागद हातात होता. अर्धा तास तरी गेला असेल. बाईंना पंधरा वर्षं झाली असतील त्या खुर्चीत. गल्लीतल्या सहा माणसांनी मला लेथवर पाहिलंय, उद्या कुणी बोललं तर मी अडकेनच, पण कागद बदलून देणाऱ्या त्याही अडकतील. हे खरं कारण, की मी लिहिलेला रिपोर्ट मला कधी बदलता आला नाही हे, सांगता येत नाही. कोरा कागद परत दिला.
बाई म्हणाल्या, "तुमची मर्जी." रागानं नाही.

त्याच दिवशी, नंतर
सुमनला सांगितलं. तिनं हातातली कात्री खाली ठेवली. मग: "दोन मिनिटांसाठी दीड महिना घालवलात."
"अजून गेला नाही."
"बाईंनी कागद दिला होता ना?"
दिला होता.
जेवण झालं. ती शिवायला बसली नाही, लवकर झोपली.

१७ ऑक्टो.
साळुंके घरी आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. "राव, एवढं होतं तर वहिनींचा हात लावायचा होता लिव्हरला! घरच्या मालकीणच त्या."
हे मला सुचलं नव्हतं. त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही.
सुमन चहा ठेवत म्हणाली, "मुहूर्ताला बाईमाणसाला कोण विचारतं, भाऊजी? ओवाळायला तेवढं बोलावतात."
साळुंकेच्या मते सगळं गेलं समजायचं. असल्या केसमध्ये वर कुणी जबाबदारी घेत नाही. चहा मात्र दोन कप घेतला.

१८ ऑक्टो., बुधवार
विम्याचे इन्स्पेक्टर शेडवर येऊन गेले. मी नव्हतो, ग.नी संध्याकाळी सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं:
"त्यांनी इचारलं, मालकानं मशीनला हात लावला का? म्हटलं, लावला की. म्होरं म्हणाले, काय काम केलं? म्हटलं, सायेब, काम म्या करतो. मालकानं मशीन उठवलं. त्ये म्हणाले, उठवलं म्हंजे? आता ह्याला काय सांगायचं? म्हटलं, तुमच्याकडं दसऱ्याला काय करत्यात? तर म्हणाले, आमच्याकडं टाइपरायटरला हार घालतात. म्हटलं, मंग पयलं अक्षर कोन मारतं?"
"मग?"
"हसले. मंग लिवून घेतलं."
"काय लिहून घेतलं?"
"त्ये इंग्रजी मला वाचता येतंय व्हय, मालक?"

दसऱ्याच्या दिवशी माल किती झाला, हेही इन्स्पेक्टरांनी विचारलं. ग.नी वही दाखवली. ११ तारखेला काही नाही. कट घेतलेला तुकडा पाहिला, मापात नाही, कुठल्याच ऑर्डरचा नाही. तो सोबत नेला, पावती देऊन.
ग. मला म्हणाले, "म्या खोटं बोललो असतो, मालक. पर तुमी आधीच लिवलं हुतं."

१९ ऑक्टो., गुरुवार
सकाळी कचेरीत जाऊन आलो. इन्स्पेक्टरांचा रिपोर्ट आलाय, साहेबांच्या टेबलावर आहे. जाधवबाईंनी तो पाहिलेला नाही, किंवा पाहिला तरी सांगणार नाहीत. साहेब उद्या साडेअकराला मला समोर बोलावणार. बाईंचा अंदाज, तो एक दिवस कापतील आणि बाकीचं सोडतील. पण साहेब नवीन आहेत, नागपूरहून आलेले, त्यांचं कुणालाच माहीत नाही. नामंजूर झालं तर वर अपील करता येतं, त्याला सहा महिने.

मेव्हण्याला अजून काही कळवलेलं नाही. उद्यानंतर कळवू.

सुमनला सांगितलं, उद्या आठच्या बसनं जातो, गर्दी नसते. ती एका ब्लाउजला हुक लावत होती. दोरा दातानं तोडला. म्हणाली, "मी पण येते."
"तू कशाला?"
"साहेबांनी विचारलं तर सांगायला कुणीतरी नको? मी ताट घेऊन शेजारीच उभी होते. दोन मिनिटं नव्हतीच ती. फार तर दीड."